आधुनिक चित्रं वाचायची कशी? सोलापूरच्या रविवार बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, त्याला बरीच वर्षं झाली. रविवारी सकाळी घरी दहा-बाराजण जमतात. एटीडीची, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेची पोरंपोरी, बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू, एक वकील आणि चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढण्यात हयात घातलेले पूर्व भागातले एक अण्णा. टीव्हीवर एकच चित्र लावायचं आणि तासभर त्याच्यापुढून हलायचं नाही, एवढाच नियम. चहा होतो, भांडणंही होतात. दर महिन्याला नवीन माणूस येतो आणि जुनेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

"हे काय बे? असलं तर माझं पोरगंपण काढंल." याला उत्तर काय?

काढू द्या की. पोरं छानच काढतात. पण २०११ साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी हा दावा खरोखर तपासला. नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांनी, माकडांनी, हत्तींनी केलेली चित्रं जोडीजोडीनं लोकांपुढे ठेवली. काही जोड्यांना नावांच्या पाट्या मुद्दाम उलट्या लावल्या. तरीही कलेचं कसलंच शिक्षण नसलेल्या लोकांनी निम्म्याहून जास्त वेळा चित्रकाराचंच चित्र निवडलं. म्हणजे डोळ्याला काहीतरी कळलेलं असतं, तोंडाला सांगता येत नाही. सिद्धान्त हवा तो या तोंडासाठी.

आधुनिक आणि समकालीन एकच ना?

नाही. ढोबळमानानं १८६० च्या आसपासपासून १९६० च्या दशकापर्यंतचं ते आधुनिक, त्यानंतरचं समकालीन. आपल्याकडे अनेकजण १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपासून मोजायला लागतात: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. पण शांतिनिकेतनची मंडळी आणि अमृता शेरगिल त्याआधीची, त्यांना वाऱ्यावर सोडून चालणार नाही. तारखांवर वाद घालायचा असेल तर वकीलसाहेबांशी घाला, त्यांना आवडतं.

चित्र डोळ्यांनी बघायचं असतं. मधे सिद्धान्त कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, आणि सगळ्यात फसवाही. "हुबेहूब आलंय" असं तुम्ही म्हणता तेव्हा चित्रानं दिसणाऱ्या जगाची नक्कल करावी हा सिद्धान्त तुम्ही आधीच वापरलेला असतो. "बघून बरं वाटलं" हाही एक सिद्धान्तच. तो लहानपणापासून अंगवळणी पडला, म्हणून त्याचं नाव ठाऊक नसतं.

तुमच्या देवघरातली लक्ष्मी बघा. कमळावर उभी, चार हात, अंगावर भरजरी साडी. "लक्ष्मी अशीच दिसते" असं आपल्याला वाटतं, कारण रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्या छापील चित्रांनी घराघरांतल्या भिंती व्यापल्या. युरोपीय तैलरंगाचं तंत्र, परदेशी यंत्रं, आपली देवी. आपण ज्याला साधी, कोरी, गावरान नजर म्हणतो ती अशी छापखान्यात तयार झालेली आहे. तेव्हा सिद्धान्त हवा की नको हा प्रश्नच उरत नाही. आपण कुठला वापरतोय हे कळलं तर बरं, एवढंच.

एकाच चित्राचे चार अर्थ निघाले, तर खरा कुठला?

बुटांची गोष्ट सांगतो. १८८६ साली व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं पॅरिसमध्ये जुन्या बुटांचं चित्र रंगवलं. ते आता ॲम्स्टरडॅमला त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. दोन झिजलेले बूट, नाड्या सुटलेल्या, खाली धड जमीन आहे की नाही तेही कळत नाही. बस.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरनं १९३५-३६ मधल्या व्याख्यानांत या बुटांवर अख्खं जग उभं केलं. हे शेतकरी बाईचे बूट. त्यांत तिचं जड पावलांचं चालणं आहे, ओली माती आहे, भाकरीची काळजी आहे. वस्तू वापरात असताना आपल्याला दिसतच नाही, चित्र ती दाखवून देतं, असं त्याचं म्हणणं. वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

मग आला मायर शापिरो, न्यूयॉर्कचा कलेतिहासकार. त्यानं थेट हायडेगरला पत्र घालून विचारलं, महाराज, नक्की कुठलं चित्र? व्हॅन गॉगनं बूट काही एकदाच रंगवलेले नाहीत. उत्तर आलं की १९३० साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात पाहिलेलं. त्यावरून शापिरोनं चित्र हुडकलं आणि १९६८ साली लिहिलं की शेतकरी बाई कुठून आली? हे शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे बूट. म्हणजे एका अर्थी हे त्याचं आत्मचित्रच. दहा वर्षांनी, १९७८ साली, फ्रान्सचा जाक देरिदा दोघांनाही म्हणाला की तुम्ही बूट कुणाच्या पायात घालायचे यावर भांडताय, पण मुळात ही जोडी आहे हे कशावरून? दोन्ही डाव्याच पायाचे असले तर?

आमच्या बैठकीत हे तिसरं वाक्य ऐकल्यावर सगळी माणसं खुर्च्या सोडून टीव्हीला नाक लावून उभी राहिली. अण्णा म्हणाले, "सर, खरंच की हो, हा बी डावाच दिसतोय." काकूंचं वेगळंच: "बाईचे असते तर पुसून ठेवले असते." त्यावर एटीडीच्या एका पोरीनं काकूंशी जे भांडण काढलं ते स्त्रीवादाच्या तासाला पुरलं.

माझी कसोटी त्या दिवशी ठरली. सिद्धान्त ऐकल्यावर मान परत चित्राकडे वळली पाहिजे. आणि वळल्यावर आधी न दिसलेलं काहीतरी दिसलं पाहिजे. हायडेगरची शेतकरीण चित्रात नाही, तिला त्यानं आपल्या घरून आणली. पण झीज बघायला त्यानंच शिकवलं. शापिरोचा पुरावा जास्त भक्कम, तरी बूट चित्रकाराचेच हे चित्र स्वतःहून सांगत नाही. देरिदाचं निम्मं लिखाण मला झेपत नाही. पण डावा-उजवा बघायला लावलं त्यानंच.

म्हणजे काहीही म्हटलं तरी चालतं?

अजिबात नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याची फजिती ऐका. १९१० साली त्यानं लिओनार्दो दा विंचीवर पुस्तिका लिहिली. लिओनार्दोनं आपल्या टिपणांत पाळण्यातली एक आठवण लिहिलीय, पक्षी आला आणि शेपटीनं ओठांवर मारून गेला. फ्रॉइडनं वाचलेल्या जर्मन भाषांतरात तो पक्षी गिधाड होता. त्यानं लगेच इजिप्तची गिधाडमुखी मातृदेवता आणली, आईवेडं बालपण आणलं, इमारत उभी केली. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ निघाला घार. गिधाड गेलं आणि त्याच्याबरोबर देवताही गेली. १९५६ साली हे सविस्तर उलगडून दाखवणारा माणूस कोण? तोच तो शापिरो. काही लोक जन्माला येतानाच भिंग घेऊन येतात.

तेव्हा नियम असा. चित्रात जे आहे आणि कागदोपत्री जे आहे, त्याच्या विरोधात जाणारा अर्थ कितीही रसाळ असला तरी सोडून द्यायचा.

सुरुवात कुठल्या चौकटीपासून, म्हणजे सिद्धान्तापासून करावी?

रूपवादापासून. कारण त्याला पुस्तक लागत नाही, डोळे लागतात. विषय काय, चित्रकार कोण, हे बाजूला ठेवायचं आणि रेषा, रंग, पोत, अवकाश, त्यांची एकमेकांतली देवघेव एवढंच बघायचं. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह बेलनं १९१४ साली हे ठासून मांडलं. अमेरिकेत क्लेमंट ग्रीनबर्ग पुढे गेला आणि म्हणाला, चित्र म्हणजे सपाट पृष्ठभाग, आधुनिक चित्रकलेनं हा सपाटपणा लपवण्याऐवजी कबूल केला. आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार लयीवर उभा केला: संवाद, विरोध आणि समतोल. लोकांना कवी मर्ढेकर ठाऊक असतात, हे नसतात. अमूर्त चित्रापुढे उभं राहून हे तीनच शब्द मनात म्हणा. कुठला रंग कुणाशी जुळतोय, कोण कुणाला भिडतोय, आणि तरी चित्र कलंडत का नाही.

आकार आणि पार्श्वभूमी यांतला फरक नवीन माणसाला समजत नाही. मी चादर आणायला सांगतो. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर उलटी केली की पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. मोर तोच, पण कुठला रंग पुढे येतो आणि कुठला मागे सरतो ते पालटलं. कापडाच्या धंद्यात पार्श्वभूमीला "जमीन" म्हणतात. चित्रकलेच्या वर्गात मी इतकी वर्षं "बॅकग्राउंड, बॅकग्राउंड" करत होतो, माझ्याच गावात नेमका शब्द पडला होता.

वासुदेव गायतोंडे या नजरेनं बघावेत. रोलर आणि चाकूनं रंग चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा. आपल्या कामाला "अमूर्त" म्हटलेलं त्यांना रुचत नसे. त्यांच्या एका पिवळ्या चित्रापुढे अण्णा दहा मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "ह्याच्यात थर मोजता येत नाहीत." कुणा समीक्षकाला याहून जास्त बोलता येईल असं मला वाटत नाही.

रूपवादाची खोट अशी की पैसे कुणी दिले, अंगमेहनत कुणाची, आणि भिंतीवर कुणाला जागा मिळाली नाही, हे तो विचारत नाही. त्यासाठी पुढच्या चौकटी.

हुसेन पंढरपूरचे. मग त्यांच्या चित्रांत विठोबा शोधायचा का?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात हटकून येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत थोडा अभिमान असतो. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा, हे खरं. पण ते लहानपणीच इंदूरला गेले, वाढले तिकडे. नंतर मुंबईत सिनेमाची भलीमोठी होर्डिंगं रंगवली. वारीचा माणूस म्हणून त्यांना वाचायचं तर चित्रातून पुरावा द्या, जन्मदाखल्यातून नको. माणूस जिथं जन्मला तिथली माती त्याच्या चित्रात असणारच, असा काही कायदा नाही.

तरी चरित्राचा उपयोग कुठे होतो तेही बघा. त्यांची आई ते जेमतेम दीड वर्षांचे असताना गेली. तिचा चेहरा आठवत नाही, म्हणून त्यांच्या कितीतरी स्त्रियांना चेहरेच नाहीत, असं नेहमी सांगितलं जातं. मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत तर पांढऱ्या निळ्याकाठाच्या साडीच्या आत नुसती पोकळी. मनोविश्लेषणवाला इथं खूश होतो. पण रूपवादी म्हणेल की चेहरा काढून टाकल्यामुळे साडीची घडीच चित्र पेलायला लागली. प्रतिमाविद्येचा अभ्यासक म्हणेल की मांडीवर आडवा देह घेतलेली माता ही ख्रिस्ती परंपरेतली जुनी प्रतिमा. तिघांचंही चित्रात दिसतं. त्यामुळे इथं मी कुणालाच घरी पाठवत नाही.

घोड्यांचंही तेच. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल घोडा, १९५२ च्या चीन दौऱ्यात पाहिलेली तिथली जुनी घोड्यांची शिल्पं, दोन्ही ओळखू येतात. प्रतिमाविद्या म्हणजे हेच. कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्कीनं १९३९ साली तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी काय दिसतं ते, मग परंपरेत त्याला काय म्हणतात ते, आणि मग त्या काळाच्या मनात काय होतं ते. पहिली पायरी न चढताच तिसरीवर उडी मारणारे लोक सोलापुरातही पुष्कळ आहेत आणि वर्तमानपत्रांतही.

त्यांची "ग्राम यात्रा" १९५४ सालची. सुमारे चौदा फूट लांब, तेरा चौकटी, बैलगाडी, जातं, माय-लेकरू. कितीतरी वर्षं नॉर्वेतल्या इस्पितळात होती. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली. तो त्या वेळी आधुनिक भारतीय चित्राचा विक्रम होता. नुकतंच स्वतंत्र झालेलं राष्ट्र स्वतःला खेड्याच्या रूपात का रंगवत होतं, हा मला त्या किमतीपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. आणि त्या खेड्यात वेशीबाहेरची वस्ती कुठल्या चौकटीत आहे?

चित्रकाराला काय म्हणायचं होतं ते कळलं की झालं ना?

तो एक साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. १९४६ साली विमसाट आणि बियर्डस्ली या अमेरिकनांनी, १९६७ साली फ्रान्सच्या रोलां बार्थनं हे आपापल्या परीनं सांगितलं. आमच्या वकीलसाहेबांना हे उत्तर फार आवडतं.

गिरणीच्या गावात मार्क्सवादी वाचन सोपं जात असेल?

उलट अवघड जातं, कारण सगळ्यांना उत्तर आधीच माहीत असतं. सोलापुरात पहिली गिरणी १८७० च्या दशकात आली. भोंग्यावर घड्याळं लागायची, ते सांगणारी माणसं अजून भेटतात. त्यामुळे मजुराचं चित्र लावलं की लगेच "शोषण" असं म्हणून मंडळी मोकळी होतात. मान चित्राकडे वळतच नाही.

म्हणून मी सुधीर पटवर्धन लावतो. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत चित्रं काढणारा हा माणूस. त्यांचं २००१ चं "लोअर परळ" गिरणगावाच्या पालटलेल्या रूपाचं. त्यांचे कामगार मुठी आवळून घोषणा देत नाहीत. कामावरून येणारं, थकलेलं, वजनदार शरीर असतं, एक्स-रे बघायची सवय असलेल्या डोळ्यांनी बघितलेलं. आमच्यातले एकजण गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. ते एकदाच आले, असंच एक चित्र बघून म्हणाले, "खांदा बरोबर पडलाय." मार्क्सवादी कलासमीक्षेची शंभर पानं मी वाचली असतील, कामगाराच्या खांद्यावर एक ओळ सापडली नव्हती.

या चौकटीची खरी ताकद अमूर्त चित्रांवर दिसते, जिथं मजूर नसतोच. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचे रंगाचे ओघळ म्हणजे स्वातंत्र्याचा आविष्कार, असं आपण शिकलो. १९७४ साली ईव्हा कॉकक्रॉफ्टनं दाखवलं की शीतयुद्धात अमेरिकेनं हीच चित्रं सोव्हिएत समाजवादी वास्तववादापुढे हत्यारासारखी वापरली, आणि त्यात सीआयएच्या पैशाचे धागेदोरे होते. चित्रकारांना हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. हे कळल्यावर पोलॉक वाईट होत नाही. पण "निव्वळ सौंदर्य" हा शब्द वापरताना जीभ जरा अडखळते.

"बायकांनी मोठी चित्रं काढलीच नाहीत" याचं काय?

अमेरिकन कलेतिहासकार लिंडा नॉकलिननं १९७१ साली नेमका हाच प्रश्न मथळ्यात घेतला आणि प्रश्नच कसा वाकडा आहे ते सांगितलं. युरोपातल्या अकादम्यांत मोठ्या चित्राचा पाया म्हणजे नग्न देहाचं रेखाटन. त्या वर्गात बायकांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी प्रवेशच नव्हता. पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि मग पोहता येत नाही म्हणायचं.

जर्मनीतल्या बाउहाउसचं उदाहरण आपल्या गावाला जास्त लागू. १९१९ साली निघालेली ही संस्था समतेची भाषा बोलायची, पण आलेल्या मुलींना विणकामाकडे वळवायची. आनी आल्बर्स १९२२ साली गेली ती काचकाम शिकायच्या इराद्यानं, आली मागावर. आणि त्याच मागावर तिनं असं काम केलं की १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विणकाम करणाऱ्या कलावंताचं पहिलं एकल प्रदर्शन तिचं झालं.

चित्र कुणाला म्हणायचं आणि "हस्तकला" म्हणून खालच्या फळीवर काय ठेवायचं, ही वाटणी कुणी केली, हा स्त्रीवादी वाचनाचा मला सगळ्यात धारदार वाटणारा प्रश्न. अलाबामातल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कपड्यांच्या शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या, आणि समीक्षकांना त्यांत थेट अमूर्त चित्रकला दिसली. मी ती चित्रं लावली तर काकू म्हणाल्या, "आमच्या आईची वाकळ अशीच होती. उंदरांनी खाल्ली म्हणून टाकून दिली." पुढे पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

मृणालिनी मुखर्जी आवर्जून बघा. दोरखंडाला गाठी मारमारून उभी केलेली माणसाएवढी शिल्पं. देवता म्हणावं, झाड म्हणावं, की दोन्ही, ते ठरत नाही.

जातीच्या नजरेतून चित्र वाचणं म्हणजे कलेत राजकारण आणणं नव्हे का?

राजकारण आधीच आत होतं, कुणी बोट ठेवलं नव्हतं. सवी सावरकर यांची चित्रं घ्या. गळ्यात मडकं, मागे झाडू. त्यांच्या खरबरीत रेषेत जर्मन अभिव्यक्तिवाद दिसतो असं म्हणून थांबणारा माणूस रूपवादाच्या आडोशाला लपतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं आणि पाऊलखुणा पुसायला झाडू, हे कळायला पानोफ्स्कीची दुसरी पायरी लागते. पण आमच्या बैठकीत काहींना ती चढावी लागली आणि काहींना नाही. कोण कुठल्या गल्लीत वाढला हे त्या दिवशी न विचारता कळलं.

गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज म्हणजे मांडणशिल्पच की, नाही?

नाही. आणि यावर मी जरा चिडतो, आधीच सांगतो.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या निघतात, बाराबंदीतली माणसं ते पेलत अडुसष्ट लिंगांना जातात. हे बघून "सर, हा तर परफॉर्मन्स" असं एटीडीचं पोरगं म्हणतं तेव्हा त्याचा हेतू चांगलाच असतो, आपल्या गोष्टीला मोठं करायचं असतं. पण ती आधीच मोठी आहे. तिला न्यूयॉर्कच्या शब्दाचं प्रमाणपत्र लागतं असं वाटणं, यालाच उत्तरवसाहतवादी मंडळी वसाहतीचं मन म्हणतात. पिकासोनं १९०७ साली पॅरिसच्या मानववंश संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले आणि आपल्या चित्रातल्या बायकांना तसले चेहरे दिले. त्याला प्रतिभा म्हटलं गेलं. आपल्या माणसानं क्युबिझमकडून काही घेतलं की त्याला नक्कल म्हणतात. हा दुटप्पी हिशोब कलेतिहासकार पार्थ मित्तर यांनी नीट मांडलाय.

उलट दिशेनं केलेलं वाचन मला जास्त आवडतं. १९३४ साली अमृता शेरगिलनं स्वतःला ताहितीची स्त्री म्हणून रंगवलं. फ्रेंच चित्रकार गोगँनं ताहितीच्या बायका रंगवल्या त्या बाहेरून बघून. ही त्याच उघड्या देहाच्या मुद्रेत शिरली आणि आतून बघायला लागली. तिच्यामागे भिंतीवर कुणा पुरुषाची सावली आहे. ती कुणाची, यावर आमच्याकडे दोन रविवार गेले.

भिंतीला चिकटवलेलं केळं कोट्यवधींना जातं. ही थट्टा नाही का?

थट्टा आहेच. प्रश्न एवढाच की कुणाची. इटालियन कलावंत मॉरित्सिओ कात्तेलाननं २०१९ साली मायामीच्या कलाबाजारात केळं चिकटपट्टीनं भिंतीला लावलं, १ लाख २० हजार डॉलर. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचीच एक प्रत ६२ लाख डॉलरना गेली आणि घेणाऱ्यानं केळं खाऊन टाकलं. त्यानं विकत घेतलं होतं ते प्रमाणपत्र आणि कसं चिकटवायचं याच्या सूचना. करमाळ्याच्या कंदर भागातले केळीवाले शेतकरी हे ऐकून काय म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही.

हे सुरू झालं १९१७ साली. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँनं दुकानातून मुतारीचं भांडं आणलं, आडवं ठेवलं, "आर. मट" अशी सही केली आणि प्रदर्शनाला पाठवलं. फी भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लावू, असा त्या प्रदर्शनाचा नियम होता, तरी ते लागलं नाही. मूळ भांडं हरवलं, आता दिसतात त्या नंतरच्या प्रती. १९६४ साली अँडी वॉरहॉलनं साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी मांडली, तेव्हा तत्त्वज्ञ आर्थर डांटोनं विचारलं की दुकानातलं खोकं आणि हे खोकं यांत डोळ्याला फरक दिसत नाही, मग हे कला आणि ते नाही, असं का? त्याचं उत्तर असं की भोवती कलेचं जग लागतं: इतिहास, चर्चा, सिद्धान्त.

इथं माझीच कसोटी लंगडी पडते, कारण केळ्याकडे दुसऱ्यांदा मान वळवून काही नवीन दिसत नाही. बघायचं असतं ते भोवतीचं: भिंत, रांग, पोलीस, किंमत. द्युशाँसाठी मी अख्खा रविवार देतो. केळ्याला दहा मिनिटं.

आपला रससिद्धान्त लावता येत नाही का?

येतो, पण मराठीच्या पेपरातल्यासारखा नको. नऊ रसांची यादी घेऊन चित्रावर चिठ्ठी चिकटवणं म्हणजे रसास्वाद नव्हे. अभिनवगुप्ताचा साधारणीकरणाचा विचार कामाचा आहे. दुःख अमक्याचं-तमक्याचं राहत नाही, म्हणून ते भोगता येतं. पण पटवर्धनांचा कामगार किंवा सावरकरांचं मडकं "अमक्याचं" राहायला हवं, सगळ्यांचं झालं की त्यातली आच जाते, असं मला वाटतं. यावर एकमत नाही.

चार पुतळ्यांसारखं स्मारक समजतं. नुसती भिंत म्हणजे स्मारक कसं?

मे १९३० मध्ये सोलापूरला मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. चौकातले पुतळे आपल्याला ती चार माणसं दाखवतात, आणि चारांची नावं एका दमात घेतली की गाव कसं होतं तेही कळतं.

वॉशिंग्टनला १९८२ साली माया लिननं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक केलं ते जमिनीत उतरणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीचं. त्यावर ५७ हजारांहून जास्त नावं कोरलेली. लोक चिडले, एवढे की १९८४ साली शेजारी तीन सैनिकांचे पुतळे बसवावे लागले. पण माणसं हात लावतात ते भिंतीवरच्या नावाला, आणि घोटलेल्या दगडात नावावर स्वतःचाच चेहरा दिसतो. मेलेला आठवायचा की आठवणारा दाखवायचा, या दोन वेगळ्या कल्पना आहेत. आपल्या चौकात सिग्नलला थांबलात की बघा, पुतळ्यांकडे मान वर करून बघणारे किती.

संगणकानं काढलेलं चित्र कला का?

हा प्रश्न आला की मी अण्णांकडे बघतो. जकार्ड माग १८०४ सालचा: पुठ्ठ्याला भोकं, भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. १८३९ साली ल्योंमध्ये खुद्द जकार्डचं चित्र रेशमात विणलं, सुमारे चोवीस हजार पुठ्ठे वापरून. लोकांना ते कोरीव छापचित्र वाटायचं. संगणकाची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत जपून ठेवली होती. म्हणजे यंत्राला सूचना देऊन चित्र काढणं आपल्या गावाला नवीन नाही. अण्णा म्हणतात, "यंत्र विणतंय, पण ग्राफ कुणी काढला ते विचारा." लाखो चित्रकारांचे ग्राफ न विचारता गिळलेल्या यंत्रालाही हाच प्रश्न विचारावा.

परीक्षेत या सगळ्यातलं काय लिहू?

पहिला परिच्छेद चित्रात काय दिसतं यावर लिहा, विशेषणं न वापरता. बहुतेकजण इथंच गडबडतात. मग एकच चौकट घ्या आणि तिच्यामुळे काय दिसलं ते सांगा. शेवटी तिच्यातून काय निसटलं ते. पाच विचारवंतांची नावं टाकून मार्क मिळतातही, नाकारत नाही. मीही पेपर तपासलेत.

सोलापुरात राहून मूळ चित्रं बघायची कुठं?

पडद्यावर गायतोंडे म्हणजे फोटोतलं जेवण. सगळ्यात सोपा मार्ग सिद्धेश्वर एक्सप्रेस. रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. तिथून चालत जहांगीर आर्ट गॅलरी, प्रवेश फुकट. जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सातारा जिल्ह्यातल्या औंधला जमलं तर जाच: पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्पही. देवघरातली लक्ष्मी डोळ्यांपुढे ठेवून ती तैलचित्रं बघा.

मुंबईला जाताना वार बघून तिकीट काढा. मागे आम्ही नऊजण गेलो आणि आधुनिक कला संग्रहालयाच्या बंद दारापुढे उभे राहिलो. सोमवार होता.